'खाऊ घालत नाही का?' हा प्रश्न आता थांबवूया

पोटाचा, म्हणजे जठराचा, कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेला माणूस घरात असला की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. ती लागावीच. आजाऱ्याची विचारपूस करणं ही आपल्याकडची चांगली रीत आहे. पण या भेटीत एक प्रश्न हमखास येतो. पाहुणा रुग्णाच्या बसलेल्या गालांकडे बघतो, उसासा टाकतो आणि घरातल्या बाईकडे वळून विचारतो, 'किती वाळलेत! काही खाऊ-पिऊ घालता की नाही?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी त्या एका वाक्याने घरात एक आरोपी उभा राहतो. बहुतेक वेळा ती बायको असते, नाहीतर सून, नाहीतर मुलगी.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. पुढच्या टप्प्यातल्या जठराच्या कॅन्सरमध्ये माणूस वाळतो, तो घरच्यांनी खाऊ घातलं नाही म्हणून नव्हे. ते वाळणं हा त्या आजाराचाच एक भाग आहे. त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, व्याख्या आहे, मोजमाप आहे आणि काही प्रमाणात इलाजही आहे. आपण त्याला स्वयंपाकघराचा प्रश्न समजतो, म्हणून एकीकडे निरपराध माणसांना दोष देतो आणि दुसरीकडे डॉक्टरांना जे विचारायला हवं ते विचारत नाही. नुकसान दोन्ही बाजूंनी होतं.

हे मी माझ्या मामूंच्या आजारपणावरून सांगते आहे. मामू सोलापुरात शिलाईकाम करायचे. आजार कळण्याआधी सहा-सात महिने ते थोडं खाल्लं तरी पोट भरलं म्हणायचे, वरचेवर ढेकर यायचे, मळमळायचं. एका दवाखान्यातून ॲसिडिटीच्या गोळ्या मिळत राहिल्या. या काळात त्यांनी स्वतःच्या पँटी दोनदा कमरेत कमी करून घेतल्या. हात टेलरचाच असल्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. वजन मात्र एकदाही कुठे झालं नाही. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा ६४ किलोंचे मामू ५८ किलोंवर आले होते आणि आजार यकृतापर्यंत गेला होता. पुढच्या पाच महिन्यांत ते ४६ किलो झाले. या पाच महिन्यांत मुमानींनी काय नाही केलं? यखनी, हरीरा, दुधातल्या शेवया, खिमा, फळांचे रस. आणि ऐकावं काय लागलं? 'दो निवाले तो खिला उनको.'

मुमानींना हे ऐकवणाऱ्यांपैकी कुणालाही माहीत नव्हतं की त्या शरीरात नेमकं काय चाललंय.

ते समजून घेऊ. निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर काटकसर करतं. रोजाच्या दिवशी आपण हे अनुभवतो. दुपारपर्यंत साठवलेली साखर वापरली जाते, मग चरबी जळायला लागते. उपास लांबत गेला तर शरीर आपला खर्च कमी करतं आणि स्नायू शक्य तितके वाचवतं. पुन्हा जेवण सुरू झालं की गेलेलं वजन भरून येतं. ही साधी उपासमार.

कॅन्सरमधलं वाळणं वेगळं असतं. त्याला कॅकेक्सिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वाईट अवस्था' असा आहे. कॅन्सरची गाठ आणि तिच्याशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती या दोन्हींमधून काही रसायनं रक्तात सुटतात आणि सगळ्या शरीरात एक धुमसता दाह सुरू राहतो. ही रसायनं मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला गप्प करतात. स्नायूंना 'मोडा' असा निरोप देतात. यकृताला भलत्याच कामाला लावतात. म्हणजे भूक मेलेली असते आणि तरी शरीराचा खर्च थांबत नाही, उलट अनेकांत तो वाढतो. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. यातल्या एका रसायनाला १९८० च्या दशकात संशोधकांनी 'कॅकेक्टिन' हेच नाव दिलं होतं. नंतर कळलं की ते आणि आधीच सापडलेलं टीएनएफ नावाचं रसायन एकच आहे.

२०११ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून कॅकेक्सियाची एक व्याख्या ठरवली. तिच्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: हा स्नायूंचा असा ऱ्हास आहे जो नुसत्या नेहमीच्या पोषण-आहाराने पूर्णपणे भरून काढता येत नाही. हे वाक्य प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं पाहिजे, असं माझं मत आहे. मुमानींना ते कुणी सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्याच, पण स्वतःला दोष देऊन रडल्या नसत्या.

जठराच्या कॅन्सरमध्ये हे जास्त का दिसतं? १९८० साली अमेरिकेत तीन हजारांहून जास्त कॅन्सर रुग्णांच्या वजनाचा एक अभ्यास छापून आला. केमोथेरपी सुरू होण्याआधीच कुणाचं वजन किती घटलं होतं, हे त्यात पाहिलं होतं. काही प्रकारच्या कॅन्सरमध्ये साधारण तिसरा हिस्सा रुग्णांचं वजन घटलेलं होतं. जठराच्या कॅन्सरमध्ये मात्र हे प्रमाण ८७ टक्के होतं. कारण इथे दोन संकटं एकाच जागी येतात. एक म्हणजे वर सांगितलेला कॅकेक्सिया. दुसरं म्हणजे अन्नाची वाटच अडते. गाठ जठराच्या खालच्या तोंडाशी असेल तर अन्न पुढे आतड्यात सरकत नाही आणि तासांनंतर उलटून पडतं. काहींमध्ये जठराची भिंतच कडक होते, पिशवी ताणली जात नाही, मग चार घासांत पोट भरतं. ऑपरेशनमध्ये जठर काढलं असेल तर साठवणीची जागाच उरलेली नसते.

हा फरक समजणं महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्या संकटावर बऱ्याचदा थेट इलाज करता येतो. वाट अडली असेल तर दुर्बिणीतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवता येतो. कधी बायपाससारखं ऑपरेशन करता येतं. कधी लहान आतड्यात नळी घालून त्यातून पातळ आहार देता येतो. पूर्ण जठर काढलेल्या माणसाला बी-१२ ची इंजेक्शनं आयुष्यभर लागतात, कारण ते जीवनसत्त्व शोषून घ्यायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. मळमळ, तोंडातले फोड, बद्धकोष्ठ, दुखणं, उदासी या प्रत्येकामुळे खाणं कमी होतं आणि यांतल्या प्रत्येकावर औषध आहे. म्हणून 'खात नाहीत' असं डॉक्टरांना सांगून थांबू नका. 'का खात नाहीत, ते शोधा' असं म्हणा.

आता मोजमाप. त्या २०११ च्या व्याख्येनुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं आणि त्याचं कारण साधी उपासमार नसेल, तर तो कॅकेक्सिया. माणूस आधीच बारीक असेल, बीएमआय २० च्या खाली असेल, तर २ टक्क्यांहून जास्त घटही पुरे. ६० किलोंच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे अवघे ३ किलो. ३ किलो डोळ्यांना दिसत नाहीत. डोळ्यांना दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. वजनकाटा डोळ्यांच्या आधी बोलतो, आणि तरी आपल्याकडच्या कित्येक बाह्यरुग्ण विभागांत रुग्ण महिनोन्महिने येतो-जातो आणि त्याच्या कागदावर वजनाचा रकाना कोराच असतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पोटात पाणी झालं असेल किंवा पायांवर सूज असेल तर काटा फसवतो. वजन तेवढंच दिसतं आणि आतून स्नायू जात असतात. अशा वेळी दंड, मांडी, कानशिलाजवळचा खळगा यांकडे बघावं. जिना चढता येतो का, खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता येतं का, हेही डॉक्टरांना सांगावं.

इथे बायकांबद्दल वेगळं बोललं पाहिजे. पुरुष रुग्ण वाळला की बायकोला प्रश्न विचारला जातो. बाई वाळली की कुणालाच प्रश्न विचारला जात नाही. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी तीच. ती किती जेवली हे कुणी पाहिलेलं नसतं. नाडीची सलवार कितीही वजन घटलं तरी बसते, वरून ओढणी किंवा बुरखा असतो. बाई बारीक झाली तर 'बरं दिसतंय' अशी दादही मिळते. जठराच्या कॅन्सरची सुरुवात अशा घरात महिनोन्महिने लपून राहू शकते. तुमच्या घरातली कुणी बाई, पन्नाशीतली अम्मी असो की चाळिशीतली खाला, कारण नसताना बारीक होत असेल, लवकर पोट भरतं म्हणत असेल, वरचेवर उलट्या होत असतील, शौचाला काळं होत असेल किंवा अंगात रक्त नाही असं निघत असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नका. दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा.

मग खायला द्यायचं काय? आपल्या घरांतल्या काही समजुती इथे तपासून बघाव्या लागतील. यखनीपासून सुरुवात करते, कारण आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आपण पहिल्यांदा तीच चढवतो. गाळलेली पातळ यखनी चवीला छान लागते, घसा शेकते, पण तिच्यात कॅलरी आणि प्रथिनं फारच थोडी असतात. ज्याचं पोट चार घासांत भरतं त्याला वाटीभर यखनी पाजली की पुढे अंडं किंवा खिमा खायला जागाच राहत नाही. ताकद बोटीत असते, पाण्यात नाही. द्यायचीच तर बोटी बारीक करून तिच्यातच घोटून द्या. फळांचा रस, नारळपाणी, चहा-बिस्किट यांचंही तसंच आहे: पोट भरतं, अंगाला फारसं लागत नाही.

युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचा कॅन्सर रुग्णांसाठीचा सल्ला ढोबळमानाने असा आहे: दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं. ५० किलोंच्या माणसाला म्हणजे साधारण १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात जवळपास ६ ग्रॅम प्रथिनं असतात, यावरून हिशोब किती अवघड आहे ते कळेल. तीन जेवणांत हे होणार नाही. दिवसातून सहा-सात वेळा, थोडं थोडं, मऊ आणि घट्ट खाणं द्यावं लागतं: तुपातली मऊ खिचडी, अंडं, दही, पनीर, मऊ शिजवलेला खिमा, काटे काढलेली मासळी, शेंगदाण्याचं कूट घातलेलं काहीही. पाणी जेवणासोबत न देता मधल्या वेळेत द्यावं. जठर काढलेल्या रुग्णाला एकदम खूप गोड दिलं तर घाम फुटतो, छातीत धडधडतं, गळून जायला होतं, म्हणून हरीरा-शरबत जपून. आणि शक्य तेवढं चालणं-फिरणं. पडून राहिलेला स्नायू आणखी लवकर झिजतो. ही सगळी आखणी आहारतज्ज्ञाकडून करून घ्यावी, आणि हा सल्ला मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.

याच्या नेमकं उलट सांगणारेही भेटतात. 'साखर, दूध, मटण सगळं बंद करा, कॅन्सरला उपाशी मारा.' मोबाईलवर असे व्हिडिओ रोज फिरतात. आधीच वाळत चाललेल्या माणसाचं खाणं तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र लवकर खंगतो. कलौंजी आणि मध घरात असेल आणि रुग्णाला आवडत असेल तर खाऊ द्या, पण त्यांच्या भरवशावर इलाज सोडायला सांगणारा माणूस तुमचा खैरख्वाह नाही. रमजानमध्ये असे रुग्ण रोजा ठेवण्याचा हट्ट धरतात, घरच्यांना मोडवत नाही. आजाऱ्याला सवलत कुरआनातच दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही, हे घरातल्या तरुणांनी प्रेमाने पण ठामपणे सांगावं.

औषधांच्या बाजूने काही आशा आहे, आणि त्यातली एक आपल्या देशातून आली आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी संस्थेतल्या डॉक्टरांनी ओलान्झापिन या जुन्या, स्वस्त मानसोपचाराच्या औषधाचा अगदी कमी डोस, रोज अडीच मिलिग्रॅम, वापरून बघितला. जठर, यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्ग आणि फुप्फुस यांचा पुढच्या टप्प्यातला कॅन्सर असलेले, केमोथेरपी सुरू होणारे १२४ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १२ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. दुसऱ्या गटात हे फक्त ९ टक्के रुग्णांत झालं. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी आपल्या मार्गदर्शक सूचनांत या औषधाला जागा दिली. जपानमध्ये २०२१ पासून ॲनामोरेलिन नावाचं औषध जठराच्या कॅन्सरमधल्या कॅकेक्सियासाठी मंजूर आहे. त्याने भूक आणि वजन वाढतं, पण हाताच्या पकडीची ताकद वाढल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही.

हे वाचून कुणी परस्पर मेडिकलमधून ओलान्झापिन आणू नये. त्याने गुंगी येते, इतर औषधांशी त्याचा मेळ बघावा लागतो, प्रत्येकाला ते चालत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की डॉक्टरांसमोर बसल्यावर 'भूक आणि वजन यासाठी काही देता येईल का? ओलान्झापिन यांना चालेल का?' असं विचारायची हिंमत आपल्यात असावी.

आता सगळ्यांत अवघड भाग. एक टप्पा असा येतो की कॅन्सर कोणत्याही औषधाला दाद देत नाही, माणूस दिवसभर अंथरुणात असतो आणि आयुष्य महिन्यांत नव्हे तर आठवड्यांत मोजायची वेळ येते. या टप्प्यावर कितीही खाऊ घातलं तरी ते अंगाला लागत नाही. आणि नेमका याच टप्प्यावर आपला आग्रह सगळ्यांत जास्त असतो. तोंड बळंच उघडून चमचे घातले जातात. रुग्ण ओकतो, ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. तो मान फिरवतो तर घरचे रडतात, म्हणून तो बिचारा घरच्यांसाठी गिळतो. शेवटचे दिवस या झटापटीत जातात.

मग येतो 'सलाईन तरी लावा' हा आग्रह. ५०० मिलिलिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. एक कप म्हशीच्या दुधात याहून जास्त असतात. सलाईनने ताकद येते ही आपली समजूत आहे. पाणी कमी पडलेल्या माणसाला, उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ते जरूर लागतं. पण अखेरच्या दिवसांत तेच पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साचून त्रास वाढवू शकतं. अमेरिकेत अशा १२९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत रोज १ लिटर सलाईन घेणाऱ्यांना नाममात्र १०० मिलिलिटर घेणाऱ्यांपेक्षा त्रास कमी झाल्याचं किंवा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

'म्हणजे माणसाला उपाशी मरू द्यायचं का?' हा प्रश्न मला विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. उत्तर असं की मागेल ते, मागेल तेव्हा, मागेल तेवढं द्यायचं. दोन चमचे आइस्क्रीम मागितलं तर तेवढंच. नाही म्हणाला तर नाही. ओठ ओले ठेवायचे, तोंड स्वच्छ ठेवायचं, दुखणं असेल तर मॉर्फिनसारखं औषध डॉक्टरांकडून मागून घ्यायचं, पाय चेपायचे, जवळ बसायचं, त्याला आवडतं ते बोलायचं किंवा वाचून दाखवायचं. ही सगळी खिदमतच आहे. आपण आपलं प्रेम फक्त ताटातून दाखवायला शिकलो, म्हणून ताट परत आलं की प्रेमच परत आल्यासारखं वाटतं. घरातल्या बुजुर्गांना वैद्यकीय कारण पटत नसेल तर त्यांना हेही सांगता येईल: रुग्णावर खाण्यापिण्याची सक्ती करू नये, अशा अर्थाची रिवायत तिर्मिझी आणि इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहांत आहे. माझा मुद्दा त्यावर उभा नाही, पण घरातली झटापट थांबायला त्याची मदत होत असेल तर ती घ्यावी.

हे सगळं एकेका घराने एकट्याने शिकावं, अशी अपेक्षा मात्र चुकीची आहे. केरळकडे बघा. १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी वेदनाशमन आणि उपशामक सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, संस्था सुरू केली. पुढे शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात तिचं लोकांनी चालवलेलं जाळं झालं. साधी माणसं थोडं प्रशिक्षण घेऊन आपल्याच गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे जाऊ लागली, नर्सबरोबर घरोघरी फिरू लागली. २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेचं धोरण जाहीर केलं, देशात सर्वांत आधी. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे आणि तिथल्या तरुणांनी हे काम सगळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी केलं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र आहे. पण सोलापूर, नांदेड, मालेगावच्या गल्लीत राहणाऱ्या कुटुंबाला मुंबई-पुणे फार लांब पडतं.

आपल्या मोहल्ल्यांत बैतुलमाल आहेत, वैद्यकीय मदतीच्या कमिट्या आहेत. ऑपरेशनसाठी, केमोसाठी त्या पैसे देतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याच्या केमोला आपण पन्नास हजार दिले त्याचं वजन दर महिन्याला किती घटतंय, हे कमिटीतल्या कुणाला ठाऊक असतं का? वाळलेल्या शरीराला केमो झेपत नाही, डोस कमी करावे लागतात, कधी थांबवावे लागतात. मग त्या पन्नास हजारांचाही उपयोग कमी होतो.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी आहे, आणि ती मोठी नाही. तुमच्या कमिटीला एक चांगला वजनकाटा घ्यायला लावा आणि कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाचं वजन दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. ती वही घेऊन रुग्णासोबत डॉक्टरांकडे जा आणि आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मागा. मदतीच्या रकमेत महिन्याची अंडी, दूध आणि प्रथिनांची पावडर यांचा खर्च धरा. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेचा कक्ष आहे का ते विचारा, नसेल तर लेखी मागणी करा, कारण त्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. चार-पाच मुला-मुलींनी प्रशिक्षण घेऊन घरभेटी सुरू करा. त्यात मुली असल्याच पाहिजेत, कारण आजारी बाई आपलं खाणं-पिणं, उलट्या, शौच हे कुणा मुलासमोर बोलणार नाही.

आणि पुढच्या वेळी कुणा आजाऱ्याला भेटायला गेलात, तर घरातल्या बाईला 'खाऊ घालता का' असं विचारू नका. 'तुम्ही जेवलात का?' असं विचारा. आणि नसेल जेवली, तर तासभर तुम्ही रुग्णापाशी बसा.